आरएक्स-७ घ्यायची आहे, पण एफसी की एफडी? जपानमध्ये राहणाऱ्या नवख्यांसाठी

जपानमध्ये नोकरीनिमित्त येऊन काही वर्षं झाली, गाठीला थोडे पैसे जमले, की आपल्यातल्या गाडीवेड्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. माझदाची आरएक्स-७ घ्यायचं मनात आहे, जुनी एफसी (दुसरी पिढी) घेऊ की नंतरची एफडी (तिसरी पिढी)? आपल्याकडे माझदा म्हटलं की शाळेची स्वराज माझदा मिनीबस आठवते. त्याच माझदानं हिरोशिमात बसून रोटरी इंजिनची, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरवर चालणारी, ही गाडी दशकानुदशकं बनवली, याचं अप्रूप मलाही आहेच. मी एफसी चालवतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तरी घेण्याआधी दोन्ही पिढ्यांच्या बऱ्याच गाड्यांखाली टॉर्च घेऊन घुसलो आहे, त्यामुळे एफडीवर अन्याय करणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. "चार वर्षं इथे चालवेन आणि जाताना पुण्याला घेऊन जाईन" हा बेत सोडून द्या. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही, आणि सगळ्यात नवी एफडीसुद्धा २००२ सालची आहे. ही गाडी जपानमध्येच घ्यायची आणि जपानमध्येच विकायची.

१. सगळ्यात आधी पार्किंगची जागा बघा

गाडी आवडली, पैसे ठरले आणि मग जागा शोधायला निघालो, असं इथे चालत नाही. गाडी तुमच्या नावावर होण्यासाठी शाको शोमेइ, म्हणजे जागेचं प्रमाणपत्र लागतं. ते पोलीस स्टेशनातून मिळतं. जागा घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी. भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र लागतं, शिवाय जागेचा हातानं काढलेला नकाशा लांबी-रुंदीसकट द्यावा लागतो.

इथेच दोन पिढ्यांमधला पहिला व्यावहारिक फरक दिसतो. एफसीची रुंदी १,६९० मिमी आहे, एफडीची १,७६०. इमारतीखालच्या काही जुन्या यांत्रिक पार्किंगमध्ये १,७०० मिमीची मर्यादा असते. तिथे एफसी बसते, एफडी बसत नाही. आधीच्या मालकानं गाडी खाली उतरवलेली असेल, तर पाळण्याच्या कडेला पुढचा बंपर घासेल, मग ती कोणतीही असो. टेप घेऊन स्वतः मोजा. एजंटच्या "दाइजोबु"वर (म्हणजे "काही अडचण नाही"वर) जाऊ नका.

रुंदीमुळे एफडीला ३ नंबरची (मोठ्या गाडीची) पाटी मिळते आणि एफसीला ५ नंबरची (लहान गाडीची). म्हणून एफडीचा कर जास्त, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ते खोटं आहे. वार्षिक कर इंजिनच्या क्षमतेवर असतो आणि दोघींचं इंजिन सारख्याच मापाचं: ६५४ सीसीचे दोन रोटर, एकूण १,३०८. रोटरीला दीडनं गुणतात, म्हणजे हिशोबाला १,९६२ सीसी. दोन लिटरच्या आत असल्यानं मूळ कर ३९,५०० येन, आणि तेरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाडीवरचा अधिभार धरून तो ४५,४०० होतो. १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर, त्याला मे महिन्यात बिल येतं.

२. दोघी मुळात कशा वेगळ्या आहेत ते समजून घ्या

एफसी ऑक्टोबर १९८५ मध्ये आली. तिची कॅब्रिओले १९९२ पर्यंत चालली, बंद छताची त्याआधीच थांबली. एफडी ऑक्टोबर १९९१ ते ऑगस्ट २००२. मधल्या जून १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरवाल्या ७८७बी गाडीनं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. त्यामुळे एफडी बाजारात आली ती ऐन रोटरीच्या सणासुदीत.

एफसीत एकच टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आहे. ती हवा थंड करणारा इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसवलेला, म्हणून बॉनेटवर ती हवा घेणारी खाच. ताकद आधी १८५ पीएस (अश्वशक्ती), १९८९ पासून २०५. पुढे स्ट्रट सस्पेन्शन, मागे चाकाचा कोन वळणात आपोआप थोडा बदलणारी डीटीएसएस नावाची रचना. एफडीत दोन टर्बो आळीपाळीनं कामाला लागतात. आधी एक फिरतो, साधारण ४,५०० आरपीएमला दुसरा येऊन मिळतो. ताकद २५५ पीएसपासून सुरू झाली, १९९६ ला मॅन्युअल गिअरवाल्या गाड्यांत २६५, १९९९ ला २८०. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. वजन दोघींचं सव्वा टनाच्या आसपास, आणि इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवून बसवल्यामुळे पुढे-मागे जवळपास समसमान वाटलेलं.

आता माझं मत. चालवायला एफडी सरस आहे, त्यात वाद नाही. स्टीअरिंग नुसतं मनात आणलं की नाक वळतं. पण तीच गाडी ओल्या रस्त्यावर गाफील ड्रायव्हरला माफ करत नाही. दुसरा टर्बो वळणाच्या मधोमध जागा झाला तर मागची चाकं सुटतात. एफसी थोडी जुन्या चालीची आहे. आपण काय करतोय ते आधी कळवते, मग करते. बॉनेट उघडलं तर एफसीत इंजिन दिसतं. एफडीत दिसतात त्या नळ्या, नळ्यांवर नळ्या आणि त्यांच्याखाली कुठेतरी इंजिन. स्वतः पाना हातात घेणाऱ्या नवख्यानं एफसी घ्यावी. सगळं काम गॅरेजला देणार असाल आणि बजेट ऐसपैस असेल, तर एफडी.

ठरत नसेल तर दोघी शेजारी-शेजारी बघा. योकोहामाचं दाइकोकू पार्किंग त्यासाठी प्रसिद्ध आहे, ७ जुलैला तर आरएक्स-७ वाले खास जमतात. गर्दी वाढली की पोलीस लवकर बंद करतात, म्हणून वेळेत पोचा. मालक मंडळी बोलायला उत्सुक असतात. "बॉनेटच्या आत बघू का?" असं नम्रपणे विचारलंत तर नाही म्हणणारा विरळाच.

३. पिढीबरोबर सालही ठरवा

एफसीमध्ये १९८९ च्या आधीची ती झेनकी आणि नंतरची ती कोकी. मागचे दिवे चौकोनी असतील तर झेनकी, गोल असतील तर कोकी. दिवे बदललेल्या गाड्याही फिरत असतात, तेव्हा फक्त त्यावर विसंबू नका. कोकीत टर्बो सुधारलेला आहे. मात्र इंजिनात तेल सोडणारा पंप इलेक्ट्रॉनिक झाला आणि तो गेला की खर्च मोठा.

एफडीचे सहा टप्पे मानतात: १-गाता ते ६-गाता (गाता म्हणजे प्रकार). नवख्यासाठी १९९६ ची ४-गाता हा मधला मार्ग, तोवर इंजिनचा संगणक सुधारला होता. ५ आणि ६-गाताच्या किमती वेड्यासारख्या वाढल्या आहेत. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी गाडी बिनधास्त आयात करता येते, त्यामुळे १९९९ च्या २८० पीएसवाल्या गाड्या २०२४ पासून तिकडे जायला लागल्या. शेवटची १,५०० गाड्यांची स्पिरिट-आर मालिका २००२ ची आहे. तिची पंचवीस वर्षं भरली की काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

जाहिराती शोधताना एक घोळ होतो. 'अँफिनी' हे नाव दोन्ही पिढ्यांना लागलेलं आहे. एफसीची मर्यादित संख्येची दोन-सीटर गाडी अँफिनी म्हणून विकली गेली, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं एफडीसुद्धा 'अँफिनी आरएक्स-७' म्हणूनच विकली जायची. नुसतं नाव टाकून शोधलंत तर दोन्हींची खिचडी समोर येते. मॉडेल कोड टाका: ई-एफसी३एस, ई-एफडी३एस, आणि १९९९ पासूनच्या एफडीसाठी जीएफ-एफडी३एस.

४. जाहिरातीतले तीन शब्द नीट वाचा

'शूफुकु-रेकी नाशी' म्हणजे गाडीच्या सांगाड्याची दुरुस्ती झालेली नाही. बंपर, दरवाजे, फेंडर बदललेले असले तरी हा शब्द लावता येतो. म्हणून "सांगाडा सोडून काय काय बदललंय?" असा थेट प्रश्न विचारा.

'ओबाहोरु-झुमी', म्हणजे इंजिन उघडून नवं केलंय. यावर बिल मागा. नुसते सील बदलले की रोटरभोवतीचं घरही नवं घातलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आतल्या क्रोमच्या थराला ओरखडे असताना नवे सील घातले तर ते फार टिकत नाहीत. बिलावर पार्टची यादी नसेल तर ओव्हरहॉल झालंच नाही असं समजून किंमत बोला.

'शाकेन दोन वर्षं'. हे ऐकून नवखा खूश होतो. पण शाकेन या सक्तीच्या सरकारी तपासणीत इंजिनची तब्येत बघतच नाहीत. दिवे, ब्रेक, धूर, आवाज, जमिनीपासून ९ सेंमी अंतर, अशाच गोष्टी बघतात. काही ठिकाणी तपासणीपुरते मूळ पार्ट लावतात आणि नंतर पुन्हा आवाज करणारा सायलेन्सर चढवतात. तुम्हाला गाडी मिळते ती दुसऱ्या अवतारात. दोन वर्षांनी तपासणीला गेलात की भुर्दंड तुमचा. मूळ सायलेन्सर आणि कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) गाडीबरोबर मिळणार का, ते लेखी घ्या.

५. इंजिन: इथे घाई केलीत तर बाकी सगळं वाया

रोटरीत पिस्टन नसतात. त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरचे एपेक्स सील दाब धरून ठेवतात. हे सील झिजले की इंजिन गेलं. म्हणून घेण्याआधी कॉम्प्रेशनची मोजणी झालीच पाहिजे. विक्रेता नाही म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा.

मोजणीचं यंत्र रोटरीचंच हवं. साध्या इंजिनचा गेज लावला तर तो तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, आणि एक सील तुटलेला असला तरी झाकला जातो. रोटरीचं यंत्र दोन रोटरच्या तीन-तीन बाजू, म्हणजे सहा आकडे छापून देतं. तो कागद हातात आला की हे तपासा:

- आकडे २५० आरपीएमला नेऊन दिलेले आहेत का? बॅटरी मंद असेल आणि स्टार्टर हळू फिरला तर दाब कमी दिसतो. उलटंही होतं.
- आठच्या वर असतील तर इंजिन ताजं. सातच्या आसपास चालण्याजोगं. सहा ही खालची मर्यादा, एकक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर.
- एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५ पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरमध्ये १.० पेक्षा जास्त नको. सगळे आकडे ६.८ असलेली गाडी मी घेईन. पाच आकडे आठच्या वर आणि एक ६.२ असलेली घेणार नाही.
- मोजणी इंजिन गरम असताना केली का?

यंत्राशिवायही एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. शोरूमवाले गाडी बहुधा थंड इंजिनावर सुरू करून दाखवतात आणि ती मस्त सुरू होते. तुम्ही म्हणा, वीस मिनिटं चालवू, बंद करू, दहा मिनिटं थांबू आणि मग पुन्हा सुरू करू. दमलेलं रोटरी इंजिन इथे पकडलं जातं. स्टार्टर गरगरत राहतो, गाडी उठत नाही, आणि विक्रेता "आज हवा दमट आहे" असं काहीतरी पुटपुटतो. चांगल्या इंजिनात स्टार्टरचा आवाज प्रत्येक फेरीला सारखा येतो: फुस-फुस-फुस. तीनपैकी एक ठोका गळत असेल तर तो कानाला कळतो.

सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर आला तर कूलंट इंजिनात शिरतंय. व्यवहार तिथेच संपवा. रोटरी थोडं तेल जाळते, तो तिचा स्वभावच, ते इंजिनात मुद्दाम सोडलेलं असतं. पण निळ्या धुराचा लोट दिसला तर टर्बो किंवा आतले तेलाचे सील बघायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर पुढे चालवूच नका. दोन्ही पिढ्यांत इंधनाच्या वाटेवरचा पल्सेशन डॅम्पर जुना होऊन गळतो, आणि गरम इंजिनवर पेट्रोल टपकलं की आग लागते.

६. बाकीची गाडी, पिढीनुसार

एफसीत मागच्या चाकांच्या कमानी, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या काचेच्या दरवाजाखालची फरशी बघा. बर्फाच्या प्रदेशातून आलेली असेल तर रस्त्यावरच्या मिठानं खालून खाल्लेली असते. नोंदणी कुठे कुठे झाली ते विचारा. वळणात मागचं अंग सैल वाटलं, सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना शेपूट हलली, तर डीटीएसएसचे रबर गेले. हे काम फार महाग नाही. उलट भाव पाडायला उपयोगी पडतं.

एफडीत तिसऱ्या गिअरला २,००० आरपीएमपासून सरळ रस्त्यावर वेग वाढवा आणि बूस्टच्या, म्हणजे टर्बोचा दाब दाखवणाऱ्या, काट्याकडे लक्ष ठेवा, शेजारी विक्रेता बसलेला असेल तर त्यालाच बघायला सांगा. काटा चढतो, ४,५०० च्या सुमारास थोडा पडतो, लगेच पुन्हा चढतो. पडून तिथेच राहिला तर दुसरा टर्बो येत नाहीये. कारण बहुतेक वेळा उष्णतेनं कडक झालेली एखादी व्हॅक्यूमची नळी असते, पण ती कोणती हे शोधायलाच गॅरेज तासांचे पैसे लावतं. सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची टाकी तडकते. बदललेली नसेल तर पहिलं काम तेच. आतलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, दरवाजाचं हँडल हलक्या हातानं ओढा. मूळच्या दोनऐवजी एकच मोठा टर्बो बसवलेली एफडी नवख्यानं घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाली तरी.

पार्टची चिंता आता पूर्वीइतकी नाही. २०२० च्या अखेरीपासून माझदानं दोन्ही पिढ्यांचे काही बंद पडलेले पार्ट पुन्हा बनवायला घेतले आहेत. काही, सगळे नाहीत.

७. कागदपत्रं

परदेशी माणसाची गाडी अडते ती शिक्क्यावर. नगरपालिकेत जित्सुइन, म्हणजे तुमचा अधिकृत शिक्का, नोंदवावा लागतो आणि शिक्क्यावरची अक्षरं तिथल्या नोंदीतल्या नावाशी जुळावी लागतात. काताकानात (परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत) नाव कोरून घ्यायचं असेल तर आधी जूमिनह्योवर, म्हणजे रहिवासाच्या दाखल्यावर, काताकाना नावाची नोंद करा, मग शिक्का बनवा. उलटं केलंत तर शिक्का परत कोरावा लागतो, आणि पूर्ण नाव तीन शब्दांचं असेल तर तो स्वस्तात होत नाही.

तुमच्याकडून:
- जित्सुइन आणि तीन महिन्यांच्या आतलं इंकान शोमेइ, म्हणजे शिक्क्याचं प्रमाणपत्र
- शाको शोमेइ (महिनाभरातलं ताजं)
- नोंदणी दुकानदार करणार असेल तर शिक्का मारलेलं इनिन्जो, म्हणजे अधिकारपत्र
- रेसिडन्स कार्ड आणि जपानचा वाहन चालवण्याचा परवाना

विक्रेत्याकडून:
- शाकेन-शो, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र
- जोतो शोमेइशो, म्हणजे हस्तांतरणाचा दाखला, त्यावर विक्रेत्याचा जित्सुइन, सोबत त्याचं इंकान शोमेइ
- जिबाइसेकी या सक्तीच्या विम्याचा कागद
- रिसायकलच्या आगाऊ भरलेल्या शुल्काची पावती

जानेवारी २०२३ पासूनचं शाकेन-शो लहान आकाराचं आणि चिप असलेलं आहे. त्याच्या दर्शनी बाजूला शाकेनची मुदत आणि मालकाचा पत्ता छापलेला नसतो. ॲपवर वाचून दाखवायला सांगा किंवा सोबतचा नोंदीचा कागद मागा. चासी नंबर गाडीवर कोरलेल्याशी स्वतः जुळवून बघा.

ऐच्छिक विम्याचा अंदाज पैसे देण्याआधी काढा, नंतर नाही. नवीन ग्राहक सहाव्या श्रेणीपासून सुरू होतो आणि स्पोर्ट्स गाडीचा हप्ता चांगलाच बसतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई तर काही कंपन्या इतक्या जुन्या गाडीला देतच नाहीत, किंवा हास्यास्पद रकमेवर देतात.

८. गाडी घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, कूलंट, रबरी नळ्या आणि चारही प्लग बदला. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. दोघांचा उष्णता क्रमांक वेगळा असतो, एफडीला मूळचे ७ आणि ९. अदलाबदल करून बसवले तर गाडी चालते, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. पुढे दर ३,००० किलोमीटरला तेल, आणि दर दोन टाक्यांमागे दांडी काढून पातळी बघायची.

थंड इंजिन सुरू करून गाडी दोन मीटर सरकवून लगेच बंद करू नका. शेजाऱ्याला वाट द्यायची असेल तरीही नाही. पेट्रोल आत साचतं, प्लग भिजतात आणि मग गाडी सुरू होत नाही. सुरू केलीत तर तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत चालू ठेवा. तरी भिजलीच, तर फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काही सेकंद स्टार्टर फिरवा, प्लग काढून पुसा किंवा नवे घाला, फ्यूज बसवा आणि पुन्हा प्रयत्न करा. डिकीत प्लगचा एक जादा संच, प्लगचा पाना आणि बूस्टर केबल कायम असू द्या, आणि जाफचं (रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व गाडीची किल्ली हातात यायच्या आधी घ्या.